शाल नको, पहिली ऑर्डर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी सून आणि तिची मैत्रीण, दोघी इंजिनिअर. दोघींनी मिळून उसाच्या सरीत रोवायचं एक छोटं यंत्र बनवलं आहे. मुळाजवळची ओल मोजून ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप धाडतं, ‘अजून पाणी देऊ नका.’ माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या रानात मीठ फुटलेलं पाहून सुनेला हे सुचलं. पाणी जास्त झाल्यानं त्या भागात किती जमीन क्षारपड झाली, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांत दोघींचे पाच सत्कार झाले. एकाही संस्थेनं यंत्र घेतलं नाही. एका कारखान्याच्या शेती विभागानं ते शेतावर बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला मागितला. दोन वर्षांच्या उद्योगानं तो आणायचा कुठून? ‘बोलायला घरातलं कुणी पुरुष माणूस येणार आहे का?’ असंही तिथं विचारलं गेलं. सुनेनं घरी हे सांगितलं नाही, मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. फार वाईट वाटलं.

कर्जाच्या योजना आहेत. २०१५ पासून मुद्रा आहे, महिलांसाठी १० लाख ते १ कोटीपर्यंतची स्टँड अप इंडिया २०१६ ते २०२५ होती. पण माल घेणारा नसेल तर त्या कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे?

लिज्जत पापडाची गोष्ट सांगताना १९५९ सालच्या त्या सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये सगळ्यांना आठवतात. त्यांचे पहिले चार पुडे विकत घेणारा भुलेश्वरचा व्यापारी मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आपल्या कोल्हापुरात तर पहिलं गिऱ्हाईक खुद्द राजा होता. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल दिलं होतंच, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडी हॉटेलासमोर उभी करायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचा, असा त्यांचा परिपाठ होता. मी शाळेत तीस वर्षं ही गोष्ट मुलांना सांगितली. समतेचा धडा म्हणूनच सांगितली. त्यात धंद्याचाही धडा आहे, हे मला आता सुनेची धडपड बघताना उमगलं.

केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं धोरण आहे. नोंदणीकृत स्टार्टअपना अनुभवाची आणि उलाढालीची अट तिथं शिथिल करता येते. आपली महापालिका, जिल्हा परिषद, दूध संघ, साखर कारखाने असा ठराव आपणहून का करू शकत नाहीत? सवलतीची भीक कुणी मागत नाही. माल खराब निघाला तर खुशाल परत करा.

सून माझी आहे, म्हणून जीव तुटतो, हे खरं. पण जिल्ह्यात अशा पुष्कळ मुली आहेत. यंदाच्या आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या, ऊस लागणीत प्रत्येक कारखान्यानं आपल्या सभासदांचे निदान दहा प्लॉट अशा यंत्रांच्या चाचणीसाठी द्यावेत. ऊस तुटेपर्यंत पाणी किती वाचलं ते मोजावं आणि पटलं तरच पैसे द्यावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर