छातीचा फोटो

फ्रायबर्ग, जर्मनी
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या खोकल्याचं फोनवर बोलायला जमत नाही. मी विषय काढला की बाबा "हं, धर, आईशी बोल" म्हणतात आणि फोन दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून कागदावर लिहिते आहे. बारक्या, दोघांना समोर बसवून मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस.

आधी आईचं. आई, डिग्री हातात आली. कचेरीतल्या बाईंनी जाड पाकीट दिलं, हात मिळवला आणि "ग्लुक आउफ" म्हणाल्या. टोपी नाही, काळा गाऊन नाही. शिवाजी विद्यापीठाची पदवीही पोस्टानंच आली होती. पदवीदानाच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही, मग आपण कुणीच गेलो नाही. त्या वेळी तू सोप्यातल्या भिंतीवर मारून ठेवलेला खिळा अजून रिकामा आहे हे मला माहीत आहे. तुझा फोटो मी उधार ठेवते.

ग्लुक आउफ म्हणजे इथला रामराम. हे गाव चांदीच्या खाणींचं. 1168 च्या सुमाराला इथं चांदी लागली, आणि 1765 पासून इथं खाणकाम आणि धातू शिकवतात. खाणीत उतरणाऱ्याला हे म्हणायची पद्धत होती. धातूची शीर सापडू दे आणि नीट वर ये, असे दोन्ही अर्थ लोक त्यात धरतात. आपल्याकडे उंबऱ्यातून निघताना 'जातो' म्हणू देत नाहीत, 'येतो' म्हणायला लावतात, तसंच. माझी पुण्याची रूममेट पहिल्यांदा हसली होती, मुलगी असून 'येतो' काय म्हणतेस म्हणून. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, एवढंच तिला सांगितलं. आता तीही दारातून निघताना "येतो गं" म्हणते.

नोकरी सुरू झाली हे फोनवर सांगितलंच आहे. पहिला पगार शुक्रवारी जमा झाला. त्याची चिठ्ठी मी दोन-तीनदा वाचली. कर कापलेला, आरोग्य विम्याचे कापलेले, आणि 9.3 टक्के म्हातारपणाच्या पेन्शनसाठी. तेवढेच कंपनी आपल्या पदरचे घालते. मी पंचवीस वर्षांची, कामाला लागून एक महिना झाला, आणि माझ्या सदुसष्टाव्या वर्षाची सोय सुरू झाली. चिठ्ठी हातात धरून मी बाबांच्या पगाराच्या पाकिटाचा हिशेब करत बसले. बाबा, तुमच्या पगारातून कधी काही कापलं गेलं नाही, कारण कापून भरायची जागाच नव्हती. दहावीचा निकाल लागला आणि पुढच्या सोमवारी तुम्ही उद्यमनगरातल्या फाउंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, वाळू चाळायला उभे राहिलात. त्याला 34 वर्षं झाली. मला शाळा संपल्यापासून कामाला लागेपर्यंत सात वर्षं मिळाली. तुम्हाला एक आठवडाही पुरता मिळाला नाही.

कर्जाचं सांगते आणि संपवते. व्हिसासाठी बँकेत 11,208 युरो दाखवायचे होते, त्यासाठी आपलं घर तारण गेलं. दोन वर्षं व्याज तुम्ही भरलंत. डिसेंबरच्या 5 तारखेपासून पैसे माझ्या खात्यातून जातील. बँकेला तसं कळवलंय, तुम्ही नको म्हणालात तरी ते बदलणार नाही.

आता ज्यासाठी पत्र घेतलं ते.

बाबा, तुम्ही व्याजासाठी रात्रीचा नॉकआऊट, म्हणजे ओतलेले साचे फोडायची पाळी, घेत होता, हे मला बारक्यानं दिवाळीत सांगितलं. त्याला रागावू नका. त्याच फोनवर तुम्ही तीनदा खोकलात. "काय न्हाई, भट्टीचा धूर हाय," म्हणालात. मी लहानपणापासून तेच ऐकत आले. डबा घेऊन यायची तेव्हाही तुम्ही खोकायचा, आणि पाळी सुटली की सगळ्यांना गुळाचा एकेक खडा मिळायचा. गूळ खाल्ला की वाळू उतरते, असं सगळे म्हणायचे. मलाही तुम्ही अर्धा तुकडा द्यायचा. त्यातली गोष्ट अशी की गूळ पोटात जातो आणि वाळू फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही.

मला हे इथं वर्गात कळलं. साच्याची काळी वाळू ओली असते तोवर एवढं भय नसतं. पण 1400 अंशाच्या आसपासचं वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तिच्यात ओतलं की ती भाजते, कोरडी होते, तिचा भुगा होतो. मग नॉकआऊटला बॉक्स फोडताना, कास्टिंग ग्राइंडरला लावताना आणि सुट्टीच्या आधी कोरडा झाडू मारताना ती उडते. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. न दिसणारी खाली उतरते. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे कण चार-पाच मायक्रॉनहूनही बारीक. शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण गारगोटी पचणार कशी? पेशी मरते, कण तिथंच राहतो, दुसरी पेशी येऊन तोच गिळते, आणि त्या जागी घट्ट व्रण धरतो. सिलिकोसिस म्हणतात त्याला. दहा-वीस वर्षं काही कळत नाही. झालेला व्रण औषधानं जात नाही, पण नवी धूळ थांबवणं हातात असतं. तुम्ही तोंडाला बांधता त्या रुमालातून हे कण सरळ आत जातात.

ज्या गुरुवारी हे शिकवलं त्या दिवशी मी जेवले नाही. शेजारच्या मुली वहीत आकडे उतरवत होत्या. इथं एक घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अशी धूळ चालत नाही, म्हणजे मिठाच्या कणाएवढी. मला तुमच्या बनियनवरची काळी रेघ दिसत होती, आई दगडावर घासायची ती.

आणि हे नवीन कळलेलं नाही. इथून जवळच्या केम्निट्झ गावी आग्रिकोला नावाचा वैद्य राहायचा. त्याचा खाणकामावरचा ग्रंथ 1556 साली छापला. त्यात त्यानं लिहून ठेवलंय की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ अशा बायका भेटतात ज्यांनी सात-सात नवरे केले, आणि सगळे त्या धुळीनं गेले. आई, हे वाचून घाबरू नकोस. बाबांना तेच झालंय असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना गप्प बसणं मला आता जमणार नाही.

बाबा, सीपीआर दवाखान्यात जा आणि छातीचा फोटो काढून घ्या. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपण होऊन सांगा: 34 वर्षं फाउंड्रीत, त्यातली किती मोल्डिंगला आणि किती नॉकआऊटला. हे सांगितलं नाही तर टीबी समजून गोळ्या सुरू होऊ शकतात, कारण फोटोत दोन्ही सारखी दिसू शकतात. टीबीचीही तपासणी करून घ्या. वाळू बसलेल्या फुप्फुसाला तो लवकर धरतो. मालकाला काय वाटेल, हे तुमच्या मनात येणार. 1948 च्या कारखाना कायद्यापासूनच हा आजार सरकारला कळवायच्या यादीत आहे. तुम्ही विचारताय यात कुणाचा अपमान नाही.

आणि रात्रीचा नॉकआऊट आता नको. व्याजासाठी होता, व्याज मी भरते. काम सोडा असं म्हणणार नाही, साचा धरल्याशिवाय तुम्हाला करमणार नाही हे मी जाणते. झाडण्याआधी पाणी मारायला सांगा. नीट बसणारे मास्क मी बारक्याला लिहून दिलेत, तो आणील. दाढी रोज करा, नाहीतर कडेनं धूळ शिरते.

आज इथं नाताळाच्या आधीचा पहिला रविवार. प्रत्येक खिडकीत लाकडाची कमान आणि तिच्यावर दिवे लागलेत. खाणकामगार हिवाळ्यात अंधारात खाली जायचे आणि अंधारातच वर यायचे, त्यांना दिवसाचा उजेड दिसायचा नाही, म्हणून घरची माणसं खिडकीत दिवे ठेवायची असं सांगतात. मीही एक कमान आणली. आई, तू नॉकआऊटच्या रात्री बाहेरचा बल्ब चालू ठेवतेस. तो आता रात्रभर नको जळायला.

बारक्या, बाबांबरोबर तू जायचंस, त्यांना एकटं पाठवू नकोस. फोटो मिळाला की खिडकीच्या काचेला लावून धर, उजेड मागून आला पाहिजे, दोन्ही बाजू पूर्ण दिसल्या पाहिजेत, आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद वेगळा काढून पाठव. मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट बघते.

तुमची,
ताई