मन्या, क्यूब पास, कोअर फेल

प्रिय मन्या,

गणपतीपासून तुला फोन नाही, काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे.

चिनूकडे न्यूयॉर्कला आलोय. पोरीने हौसेने ब्रुकलिन ब्रिजवर नेलं आणि माझं लक्ष फोटोत कुठलं, केबल्सकडे. तो हेग आठवतो ना, तारांचा कॉन्ट्रॅक्टर? इन्स्पेक्टरने पास केलेली तार गाडीत चढायची, वाटेत बदलायची, रिजेक्ट माल पुलावर आणि पास झालेली परत इन्स्पेक्टरपुढे! १८७८ ला पकडला तोवर टनांनी भंगार तार केबलमध्ये गेलेली. काढणार कशी? पुलाचा चीफ इंजिनियर रोब्लिंग आजारी, घराच्या खिडकीतून दुर्बिणीने साइट बघणारा, बायको एमिली त्याचे निरोप नेणारी. त्याने हिशोब मांडला, पूल सहापट ताकदीचा धरलेला, आता पाचपट तरी उरतो, वर दर केबलला १५० तारा जादा, हेगच्या खर्चाने. १८८३ ला पूल सुरू झाला, ती तार आजही आत. हेग पुढे तुरुंगात गेला, पण खोट्या सह्यांच्या भलत्याच भानगडीत.

आता माझं. त्या बिल्डिंगच्या साइटचे क्यूब, म्हणजे टेस्टसाठी वेगळे भरलेले काँक्रीटचे ठोकळे, सगळे पास, आणि मी हट्टाने उभ्या कॉलममधून ड्रिल करून काढलेले कोअर धडाधड फेल. म्हणजे क्यूबचं काँक्रीट कॉलममध्ये गेलेलंच नाही, हेगच की हा! इथेसुद्धा रोज व्हॉट्सॲप, साहेब सही राहिलीय. आमचे थोरले साहेब म्हणतात सेफ्टी फॅक्टर, म्हणजे गरजेपेक्षा जादा धरलेली ताकद, असतो ना. अरे रोब्लिंगचे सहा, आपल्या काँक्रीटचे दीड, आणि उद्या गच्चीवर लोक टाक्या चढवणार त्या वेगळ्याच. तू थर्ड इयरला म्हणालेलास सेफ्टी फॅक्टर म्हणजे इंजिनियरच्या अज्ञानाची किंमत, त्यावरून मेसमध्ये भांडलो होतो. तू तेव्हाही चूक होतास, ती कॉन्ट्रॅक्टरच्या चोरीची किंमत आहे :)

सही करत नाही हे नक्की. पण जॅकेटिंगवर, म्हणजे कॉलमभोवती नवं काँक्रीट चढवून, भागेल की पाडाच म्हणू, इथे माझं अडलंय. पाडा म्हटलं तर बुकिंगवाल्यांचे हप्ते चालूच, आणि जॅकेटिंग म्हटलं तर तेही हाच कॉन्ट्रॅक्टर करणार, म्हणजे परत क्यूब पास! वीस तारखेला परततोय, काँक्रीट ठोकून ताकद बघायचा तुझा रिबाउंड हॅमर घेऊन एक दिवस ये. तू बघून सांगितलंस की मी लेखी देतो.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? सोहमला नोकरी लागली म्हणे, पेढे ठेव.

तुझा,
अव्या