डीटीपीवाल्या ताईंना, जाहीर आभार

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, दुसरं प्रूफ काढ" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

सुट्टीत साताऱ्याला तुमच्या प्रेसमध्ये आले, तेव्हा माझं डिझाइनच्या कोर्सचं फाउंडेशनचं, म्हणजे पहिलं, वर्ष नुकतंच संपलं होतं. बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, हायरार्की, सगळे शब्द तोंडपाठ. चौकोन आणि वर्तुळं मांडून गुणही बरे मिळाले होते. पण चौकोनाला मामा-आत्या नसतात, लग्नपत्रिकेला असतात!

वर 'श्री गजानन प्रसन्न', कुलदैवतं, मग वधू-वर, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, आपले विनीत, आणि तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव गाळलं तर भावकीत अबोला. त्या एका पत्रिकेत वरपित्याच्या आग्रहाने प्रत्येक नाव ठळक झालं होतं. तुम्ही पान स्क्रीनवर एवढंसं केलंत आणि म्हणालात, "डोळे किलकिले कर. काय दिसतंय?" नुसता काळा गठ्ठा दिसत होता. मला वाटलं, आता मुहूर्ताचा टाइप वाढवणार. तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. विनीत मंडळींचा ठळकपणा काढलात, मुहूर्ताच्या वर-खाली जागा मोकळी सोडलीत, आणि 'सायं. ६ वा. ३५ मि.' आपसूक पुढे आलं. वरपित्यालाही ते पटलं, हे विशेष.

आमचा बहुतेक अभ्यास इंग्रजी अक्षरांवरच होतो. शीर्षकातल्या कॅपिटल अक्षरांमध्ये थोडी हवा सोडा, असं आम्हाला शिकवतात. तेच 'शुभविवाह'वर केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. इंग्रजीत टाइपच्या आकाराच्या १२० टक्के अंतर सहसा चालून जातं, पण आपल्याकडे वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार. 'कुटुंबीय'मधला उकार खालच्या ओळीतल्या 'पूर्वक'च्या रफाराला टेकलेला तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने दाखवलात, तेव्हापासून कुठलंही मराठी पोस्टर बघताना माझी नजर आधी तिथेच जाते. बसस्टॉपवर उभं राहणंही अवघड झालंय.

रंगांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्ही बोलण्यापेक्षा छापूनच दाखवलंत. स्क्रीनवर झळाळणारा पोपटी कागदावर मलूल होतो. कुंकवाचा लाल हवा तर छपाईच्या शाईंपैकी मॅजेंटा (गडद गुलाबी) १०० टक्के, यलो १०० टक्के. आणि बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. चार रंगांतून केलेला काळा, रजिस्ट्रेशन (चारही प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) जरा हललं की, अक्षरांच्या कडेने रंगीत सावली सोडतो. ते बिघडलेलं प्रूफ मी मागून घेतलं, माझ्या वहीत चिकटवलंय.

कमल शेडगे यांनी अक्षरं घडवलेल्या नाटकांच्या जाहिरातींची तुमची जुनी कात्रणं मात्र मला परत करायची नाहीत, असं मनात येऊन गेलं. शेडगे २०२० साली गेले. नाटक विनोदी की गंभीर, हे त्यांच्या अक्षरांच्या वळणावरूनच कळायचं, चित्राची गरज पडायची नाही. आम्ही तयार फॉन्ट निवडतो आणि त्यालाच डिझाइन म्हणतो. तुम्ही ती कात्रणं उलटी धरायला लावलीत, म्हणजे वाचणं थांबतं आणि अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेचे आकार दिसू लागतात. 'निगेटिव्ह स्पेस' हा शब्द तुम्ही एकदाही उच्चारला नाहीत.

सोनेरी वेलबुट्टीच्या बॉर्डरबद्दल मात्र आपलं अजून जमत नाही. "गिऱ्हाईक मागतं" हे मान्य, पण चारही कोपऱ्यांत मोर?

तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे पत्रिकांची झुंबड उडेल. तेव्हा शनिवार-रविवारी पुण्याहून येते. नावांची यादी व्हॉट्सॲपवर आली की ती श्रीलिपीत, म्हणजे प्रेसच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, बदलून घ्यायचं आणि प्रूफ वाचायचं काम माझ्याकडे ठेवा. कात्रणंही येताना आणते. जपून ठेवलीत.

तुमची,
प्रेसमधली सुट्टीतली पोरगी