वाजवणाऱ्यालाही बोलू द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : नाशिकमध्ये सप्रयोग (म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत दिलेल्या) व्याख्यानांसाठी पियानोची सोय होण्याबाबत

महोदय,

गेली 22 वर्षे मी नाशिकमध्ये पियानो शिकवते आहे. अमेरिकेतल्या एका पियानोवादकाच्या आयुष्याविषयी मंत्रालयाला पत्र लिहिण्याचे कारण काय, असे आपल्याला वाटेल. पण माझी मागणी त्या आयुष्यातूनच निघाली आहे, म्हणून आधी तेच सांगते.

चार्ल्स रोझेन यांचा जन्म 1927 साली न्यूयॉर्कमध्ये झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वयाच्या 11व्या वर्षी ते मोरित्झ रोझेनथाल यांच्याकडे शिकू लागले. हे रोझेनथाल म्हणजे 19व्या शतकातला थोर पियानोवादक व संगीतकार फ्रान्झ लिस्ट याचे प्रत्यक्ष शिष्य. फी परवडण्यासारखी नसल्याने, मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत वादनातून जे कमावील त्यातले 15 टक्के गुरूंना द्यायचे, असा करार झाला. (आपल्याकडच्या गुरुदक्षिणेच्या मानाने व्यवहार चोख म्हणायचा.) पुढे त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती संगीतात नव्हे, तर प्रिन्स्टन विद्यापीठातून फ्रेंच साहित्यात, आणि ज्या 1951 साली ती मिळाली, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये वादक म्हणून त्यांचे पदार्पण झाले.

लेखनाकडे ते वळले ते मात्र वैतागून. शोपँ या संगीतकाराच्या रचनांच्या त्यांनी वाजवलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर दुसऱ्याच कोणीतरी लिहिले होते की, त्यातली एक रचना फुलांच्या वासाने झिंगून झोकांड्या खाते. आपल्या वादनाबरोबर असला मजकूर जाऊ नये, म्हणून रोझेन स्वतःच टिपणे लिहू लागले. ती वाचून एका प्रकाशकाने पुस्तकाविषयी विचारणा केली, आणि 1971 साली हायडन, मोत्सार्ट व बेथोव्हन यांच्यावरचा ‘द क्लासिकल स्टाइल’ हा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मैफली म्हणून थांबल्या नाहीत, अध्यापनही चालू राहिले. 2012 साली, 85व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मला थांबायचे आहे ते त्यांच्या 1995 सालच्या ग्रंथापाशी. रोमँटिक काळातल्या, म्हणजे 19व्या शतकातल्या, संगीतावरच्या या जाडजूड ग्रंथासोबत त्यांनी स्वतः वाजवलेल्या नमुन्यांची सीडी दिली होती, कारण त्यातले मुद्दे नुसते वाचून कळण्यासारखे नाहीत. त्या काळातला संगीतकार शूमन याच्या ‘हुमोरेस्क’ या पियानोरचनेत एक जागा अशी आहे की, स्वरलिपीत दोन्ही हातांच्या ओळींच्या मध्ये तिसरी ओळ लिहिलेली आहे, पण ती वाजवायची नाही, वादकाने ती मनात ऐकायची, आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचतात ते तिचे पडसाद. हे समजावून सांगणारा माणूस वाजवणाराच असावा लागतो, आणि त्याच्यासमोर खरा पियानो असावा लागतो.

नेमकी हीच जागा मी शहरातल्या एका सभागृहात विद्यार्थ्यांना दाखवायला गेले, तेव्हा व्यासपीठावर 61 पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मांडून ठेवलेला होता. पियानोच्या पट्ट्या 88. शिवाय पेडल दाबले की तारांचा नाद थांबवणारे सगळे दाबक वर उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही, सतारीच्या तरफांसारख्या, गुणगुणू लागतात. त्या साध्या कीबोर्डवर हे दाखवायचे कसे? कार्यक्रम निम्म्यावर आवरता घेतला.

महोदय, वाजवणाऱ्याने बोलावे ही अपेक्षा परकी नाही. सप्रयोग व्याख्यान हा शब्दच आपला आहे, आणि संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी गाऊन आणि विवेचन करून तो किती उंचीवर नेला हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकला येऊन राहिले. त्यांनीही नुसत्या मैफली केल्या नाहीत, तर स्वतःची स्वरलेखनपद्धती घडवली आणि क्रमिक पुस्तके छापली. दर मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला ऐकायला बसणाऱ्या या शहराला दोन तास विवेचन ऐकण्याची सवयही आहे. उणीव आहे ती वाद्याची.

म्हणून विनंती अशी की, नाशिकमधल्या एखाद्या सार्वजनिक सभागृहासाठी शासनाने एक ग्रँड पियानो घ्यावा आणि त्यावर वर्षातून निदान 4 सप्रयोग व्याख्याने व्हावीत. ती पाश्चात्त्य संगीतावरचीच असावीत असा माझा आग्रह नाही. खरेदीबरोबरच देखभालीची तरतूद मात्र अवश्य करावी. पियानोत सुमारे 230 तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण 18 टनांच्या आसपास जातो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने लाकडी ध्वनिपट्ट (तारांचा नाद मोठा करणारी फळी) फुगून स्वर चढतात, तर उन्हाळ्यात उतरतात. वर्षातून दोनदा तरी ट्यूनर बोलवावा लागतो, आणि मला तो आजवर मुंबईहूनच बोलवावा लागला आहे. हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला नाही, तर तीन-चार वर्षांत त्या पियानोवर फुलदाणी येते.

जागेच्या पाहणीसाठी आपले अधिकारी येणार असतील, तर त्यांनी कृपया जुलैमध्ये यावे. भिंतींची ओल तेव्हाच दिसते. त्या वेळी मी सोबत येईन.

आपली विश्वासू,
नाशिकमधील एक पियानो-शिक्षिका