सात फितींचा माणूस

म्युनिक,
रविवार रात्र

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत, रागावू नकोस. गेले पाच महिने माझ्या सगळ्या मोकळ्या संध्याकाळी एकाच वस्तूपायी जात आहेत. त्या वस्तूचा एक धागा तुझ्या घरापर्यंत येतो, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा निवांत लिहायला बसलो आहे.

इथे थेरेझियनवीझेच्या मैदानावर वसंतात मोठा जुना बाजार भरतो. तिथे एका आजींच्या टेबलावर बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा होता. आईच्या शिवणाच्या डब्याची आठवण आली म्हणून सहज हात घातला, तर बटणांखालून एक पट्टी हाताला लागली. तळहाताएवढी लांब, बोटाएवढी रुंद. मागे करड्या लोकरी कापडाचं अस्तर आणि गंजलेली पिन, पुढे शेजारी शेजारी शिवलेल्या सात रंगीत फिती. रोजच्या गणवेशावर जर्मन सैनिक पदकं मिरवत नसत. प्रत्येक पदकाच्या फितीचा तेवढा तुकडा अशा पट्टीवर लावत. पट्टी कोणाची ते आजींना माहीत नव्हतं. तो डबाच त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी घरातून आला होता.

तू म्हणशील, फितींवरून माणूस कसा सापडणार? पण बापू, आपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो. कापडाचा तुकडा हातात आला की तो कुठे आणि कसा विणला असेल, हा प्रश्न आधी पडतो.

डावीकडून पहिली फीत काळी-पांढरी, आयर्न क्रॉस या जर्मन युद्धपदकाची. तिचा शोधासाठी काहीच उपयोग नाही. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचा हा क्रॉस सुमारे ५० लाख जणांना मिळाला. पहिल्या श्रेणीचा क्रॉस फितीशिवाय थेट छातीवर लावत, त्यामुळे तो याला मिळाला होता की नाही, हेही पट्टीवरून कळत नाही.

दुसरी फीत पांढरी, तिच्यावर काळ्या आणि फिक्या निळ्या रेघा, आणि मधोमध दोन इवल्या तलवारी, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या. ही बव्हेरियाच्या लष्करी सन्मानाची, अधिकाऱ्यांना मिळणारी. इथे माझं काळीज धडधडलं. कैसरचं जर्मनी हे राज्यांचं मिळून झालेलं होतं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग, प्रत्येकाचे सन्मान वेगळे, फिती वेगळ्या. एका फितीने माणसाचा मुलूख सांगितला. आणि मुलूख बव्हेरिया निघाला हे मोठं नशीब. प्रशियाच्या सैन्याचं दफ्तर पॉट्सडॅममध्ये होतं, ते एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालं. लाखो माणसांच्या नोकरीचे कागद एका रात्रीत गेले. बव्हेरियाचं दफ्तर मात्र इथे म्युनिकच्या क्रीग्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे युद्ध दफ्तरखान्यात, शाबूत आहे.

तिसरी फीत काळ्या-पांढऱ्या-लाल रेघांची. हा सन्मान १९३४ च्या जुलैत सुरू झाला, पहिल्या महायुद्धात लढलेल्यांसाठी. म्हणजे आपला माणूस तेव्हा जिवंत होता. त्यापुढच्या दोन फिती निळ्याशार, सैन्यातल्या दीर्घ सेवेच्या. हे सेवापदक १९३६ मध्ये आलं. ४, १२, १८ आणि २५ वर्षांचे त्याचे टप्पे होते, आणि दोन फिती म्हणजे निदान दोन टप्पे पुरे झालेले. म्हणजे किमान १२ वर्षांची नोकरी. आता हिशेब कर. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणि अधिकारी चार हजारांवर आणून ठेवले होते. इतकी सलग नोकरी ज्याच्या नावावर आहे, तो बहुधा त्या चार हजारांत होता. लाखोंच्या गर्दीतून आपण एकदम एका मोठ्या गावाच्या वस्तीपर्यंत आलो.

या दोन निळ्या फिती मी भिंगाखाली धरल्या, तेव्हा प्रत्येकीच्या मध्यावर दोन बारीक भोकं दिसली. तिथे धातूचा छोटा गरुड असे, पायांत स्वस्तिक धरलेला. कोणीतरी तो उपटून काढला आहे. एका भोकाभोवतीचे धागे ओढले जाऊन तुटले आहेत, म्हणजे घाईने काढला. १९४५ नंतर त्याने स्वतः काढला, बायकोने काढला, की त्या डब्यात टाकण्याआधी लेकीने काढला? त्या चार भोकांकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. हा माणूस हिटलरच्या सैन्यात नोकरी करत होता, हे मी स्वतःपासून लपवत नाही. नाव सापडलं तर १९३९ नंतर तो कुठे होता आणि त्याने काय केलं, तेही शोधणं आलंच. त्याशिवाय नुसतं नाव शोधण्यात अर्थ नाही.

सहाव्या फितीवर लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्या आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. ही ऑस्ट्रियाची. उभ्या रेघा नुसत्या ताण्याच्या रंगांनी येतात, पण अशा आडव्या पायऱ्या पाडायच्या तर विणकराला बाण्याशीही खेळावं लागतं. हात लावताच फीत जाड लागते. फार सुंदर काम आहे, तू असतास तर सोडला नसतास तो तुकडा.

आणि सातवी लाल, पांढऱ्या रेघांची. तुर्कस्तानच्या युद्धपदकाची.

ही ओळखली त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझे पणजोबा १०३ मराठा पलटणीत होते, पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि कुतच्या वेढ्यात सापडले, हे तुझ्या आजीने ओसरीवर आपल्याला कितीदा सांगितलं असेल! डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा. शेवटी उपासमारीने शरणागती आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत. वेढा घालणाऱ्या तुर्कांच्या फौजेचा सेनापती जर्मन होता, वृद्ध फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ. शरणागतीच्या दहा दिवस आधी तो बगदादला आजाराने वारला. मनात आलं, हा बव्हेरियाचा तरुण त्याच्याबरोबर तर नसेल? तटाच्या एका बाजूला तुझे पणजोबा आणि दुसऱ्या बाजूला हा?

दोन दिवस मी हेच धरून बसलो होतो, बापू. मग शुद्धीवर आलो. तुर्की पदक मिळालेले जर्मन गॅलिपोलीत होते, पॅलेस्टाइनमध्येही होते. बव्हेरियाचं तर एक अख्खं विमानपथक १९१७-१८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये होतं, ३०४ क्रमांकाचं. त्यांनी विमानातून काढलेले फोटो इथल्याच दफ्तरखान्यात जपलेले आहेत. आपल्याला हवी ती गोष्ट फितीच्या तोंडी घालणं हा अन्याय आहे. जुन्या वस्तूंचे काही व्यापारी हेच करतात. पट्टीला एखाद्या नामांकित सेनानीचं नाव चिकटवलं की किंमत दसपट होते, आणि ज्याची ती खरोखर होती तो माणूस कायमचा पुसला जातो.

नंतर अंधारात पट्टीवर जांभळ्या प्रकाशाची विजेरी मारली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत चकाकी आणणारं रसायन सर्रास असतं, ते या प्रकाशात निळसर पेटतं. सहा फिती काळ्याठिक्कर राहिल्या. सातवी फीतही पेटली नाही, पण ती ज्याने शिवली होती तो दोरा लख्ख पेटला! माझ्या पोटात खड्डा पडला. सगळ्यात मोलाचा पुरावा कोणीतरी मागाहून जोडलेला असावा असं वाटलं. अस्तर थोडं उचलून पाहिलं तेव्हा नव्या टाक्यांच्या शेजारी जुन्या सुईची भोकंही दिसली, तेवढ्याच रुंदीवर. म्हणजे तिथे पूर्वीही फीत होती, टाके उसवल्यावर कोणीतरी पुन्हा शिवली. तीच फीत होती का? बहुतेक हो. पण वहीत मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

बव्हेरियाच्या सैन्याच्या युद्धकाळातल्या नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात. नाव, गाव, धंदा, कुठे लढला, कोणते सन्मान मिळाले, सगळं रकान्यांत लिहिलेलं आहे, पण कुरेंट नावाच्या जुन्या वळणदार लिपीत. आजचा शिकलेला जर्मनही ती वाचू शकत नाही, आपल्याकडे मोडीचं झालं तसंच. मी ती तीन महिने गिरवून शिकलो. पट्टीवरच्या युद्धकाळातल्या चार सन्मानांचा, म्हणजे आयर्न क्रॉस, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तानचा, हा मेळ आजवर तीन अधिकाऱ्यांच्या नोंदीत सापडला. एक १९३१ मध्ये वारला, म्हणजे तिसरी फीत त्याची असू शकत नाही. दुसऱ्याने १९१९ मध्ये सैन्य सोडून शेती धरली, म्हणजे निळ्या फिती त्याच्या नव्हेत. तिसरा उरतो. पण अजून कितीतरी वह्या चाळायच्या आहेत, चौथा कुठे दडला असेल सांगता येत नाही, म्हणून त्याचं नाव मी तुलाही लिहीत नाही. पुढच्या काळाच्या कागदांसाठी फ्रायबुर्गच्या लष्करी दफ्तरखान्याला पत्र टाकलं आहे.

तुला हे सगळं का लिहिलं ते आता सांगतो. सातारा भागात ब्रिटिशांनी लावलेल्या त्या संगमरवरी पाट्या आठवतात? या गावातून अमुक माणसं महायुद्धावर गेली, पैकी अमुक परत आली नाहीत. आकडे आहेत, नावं नाहीत. लहानपणी त्या पाटीखाली आपण गोट्या खेळायचो आणि तुझी आजी पाटीकडे बघायचीसुद्धा नाही. तिचा तो राग मला या पट्टीमुळे आत्ता कळला.

पण ब्रिटिशांनी दिलेल्या पदकाचं तसं नाही. त्याच्या कडेवर, जाडीच्या जागी, सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण उमटवलेली असते. तुझ्या देवघराच्या फडताळात कुंकवाच्या करंड्यामागे पणजोबांचं चांदीचं पदक आहे ना, ते बाहेर काढ. सकाळच्या तिरप्या उन्हात कड हळूहळू फिरवत फोटो काढ आणि मला पाठव. वहिनींना सांग, दसऱ्याच्या भांड्यांबरोबर ते घासायला घेऊ नका. चिंच नको, रांगोळी नको, पितांबरी तर मुळीच नको. अक्षरं झिजतात.

आईंना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ