वीस टक्के इथेनॉल आले, जुन्या गाड्यांचे सुटे भाग कधी?

महोदय,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ऊस, मका यांपासून बनणारे अल्कोहोल) मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते. २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर आणले आणि ते गाठलेही. येवला-मालेगावचा मका आणि निफाड-दिंडोरीचा ऊस पिकवणाऱ्या आमच्या नाशिक जिल्ह्याने या इंधनाला नाके मुरडण्याचे कारण नाही. तेल कंपन्या, वाहन उत्पादक, पुण्याची वाहन चाचणी संस्था एआरएआय आणि डेहराडूनची पेट्रोलियम संस्था यांनी मिळून चाचण्या घेतल्या, नव्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक, धातू या इंधनाला टिकतील असे केले. ते काम चोख झाले. पण ही भागीदारी शोरूमच्या दारातच थांबली. नाशिकच्या रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या दुचाकी आणि त्या दुरुस्त करणारी गॅरेजे तिच्यात कुठेच नाहीत.

अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण साडेतेरा किलोच्या घरात येतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) दुचाकीत इंधन फवारणारे इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असल्याने इंजिन हा फरक स्वतः भरून काढते. त्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल ठरल्या मापाने मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीला ते कळत नाही. ती जुन्याच मापाने पेट्रोल सोडते आणि मिश्रण हलके, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, पडते. रेस दिली की गाडी अडखळते, सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लगचे टोक पांढरट दिसते. बहुतेक वेळा मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) एक नंबर मोठा, म्हणजे १०० चा असेल तर १०२.५ चा टाकला आणि कमी वेगावरचे मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू पाव आटा फिरवून मिश्रण किंचित दाट केले की काम भागते. हा जेट फार महाग नसतो, पण कोणत्या मॉडेलला कोणता नंबर बसवायचा हे उत्पादकाने जाहीर करायला हवे. ते न कळल्याने कोणी जेटला पिन घालून भोक मोठे करतो आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते.

दुसरा प्रश्न रबराचा. साध्या नायट्राइल रबराची पाइप, फ्लोट बाउलची (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीची) ओ-रिंग, पेट्रोल कॉकचे वॉशर इथेनॉलमध्ये आधी फुगतात, पुढे कडक होऊन तडकतात. फ्लोरोकार्बन रबराचे भाग टिकतात. दुकानात मात्र दोन्ही काळेच दिसतात आणि फुटावर विकल्या जाणाऱ्या पाइपवर कसलीच खूण नसते. पाइपवर एसएई जे ३० आर ९ (इंधन पाइपचे एक मानक) असे छापलेले असेल तर ती निर्धास्त घ्यावी. इंजिनाच्या उष्णतेत तडकलेल्या पाइपमधून पेट्रोल गळणे हा आगीचा धोका आहे, त्यामुळे मायलेजच्या तक्रारीपेक्षा आम्हाला याची चिंता जास्त वाटते.

पाण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढते हे खरे, पण बंद टाकीत त्याचा बाऊ करण्याइतका वेग नसतो. पाणी शिरते ते झाकणाच्या झिजलेल्या रबरातून आणि वॉशिंगच्या फवाऱ्याने. थोडे पाणी इथेनॉल जिरवते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. पावसाळ्यात पाणी शिरलेली गाडी निफाडच्या पाच-सहा अंशांच्या पहाटे सुरूच होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असते. मग चोक ओढत बसण्यापेक्षा कॉकच्या वाटीतले आणि फ्लोट बाउलमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वरून नवे पेट्रोल ओतून ते मिसळत नाही.

शेतकऱ्यांच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपांना यापेक्षा मोठा फटका बसतो. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिन तळाचा, ऑइल नसलेला थर ओढते. पिस्टन जाम होतो, सिलिंडरवर ओरखडे येतात. फवारणीचा हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच पंप ठेवावा. ही सूचना पंपाच्या टाकीवर मराठीत छापायला उत्पादकांना किती खर्च येईल?

पेट्रोल पंपांवरही एक दुरुस्ती हवी. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का पाहायला डिपरॉडला (मोजपट्टीच्या दांड्याला) लावायची जुनी वॉटर पेस्ट इथेनॉलमिश्रित थर खात्रीने दाखवत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. जिल्ह्यातल्या प्रत्येक पंपावर तीच वापरावी आणि पावसाळ्यात नोंद ग्राहकाला दिसेल अशी लावावी. इथेनॉलचे प्रमाण तपासणे तर अगदी सोपे आहे. १०० मिलीच्या मापाच्या नळीत १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल घालून हलवायचे आणि थांबायचे. खालचा थर २८ मिलीच्या आसपास आला तर मिश्रण वीस टक्क्यांचे. मात्र हे उघड्यावर, विडीकाडीपासून लांब करावे आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नये.

दराबद्दलही बोलले पाहिजे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के, दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले होते आणि मिश्रित इंधन स्वस्त ठेवण्याची शिफारस केली होती. पहिला भाग ग्राहकाच्या वाट्याला आला, दुसरा आला नाही.

आता २७ टक्क्यांची चर्चा सुरू आहे. त्याआधी उत्पादकांनी मॉडेलवार जेट, पाइप, ओ-रिंगचे संच भाग क्रमांकासह साध्या दुकानांत उपलब्ध करावेत. सातपूरला वाहन उद्योग आहे, इंधन इंजेक्शनचे भाग बनवणारा कारखाना आहे आणि आयटीआयही आहे. या तिघांनी मिळून गॅरेजवाल्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले, तर त्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहावे लागणार नाही. रविवारी ठेवा, दुकान बंद ठेवून आम्ही येऊ.

आपले,
दुचाकी दुरुस्ती व्यावसायिक,
सातपूर, नाशिक