ब्रोमोचा सूर्योदय हुकला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, इंदूर कार्यालय

विषय: पूर्व जावा सहलीत ठरल्याप्रमाणे जीप न मिळाल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

गेल्या जुलैमध्ये मी, माझे पती आणि माझे वडील आपल्या इंडोनेशियातल्या पूर्व जावाच्या सहलीला, ब्रोमो ज्वालामुखी पाहायला गेलो होतो. ही सहल आम्ही बाबांसाठीच घेतली. त्यांनी इंदूरच्या शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. माळव्याचं पठार लाव्ह्याचं, आपली काळी माती त्याच बेसाल्टची, हे ते मुलांना जानापावच्या डोंगरावर नेऊन, दगड हातात देऊन सांगायचे. पण आपला लाव्हा थंड होऊन 6 कोटींहून जास्त वर्षं झाली. धुमसता ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ते आता 74 वर्षांचे आहेत.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवसापुढे छापलं आहे: 'पहाटे 3 वाजता हॉटेलवरून स्वतंत्र जीप, पेनांजाकान पॉइंटवरून सूर्योदय.' आम्ही पावणेतीनलाच कानटोप्या घालून बाहेर येऊन बसलो. गारठा असा होता की बाबांनी दोन्ही हात काखेत धरले होते. आपल्या तिथल्या प्रतिनिधीला चार वेळा फोन केला. दर वेळी 'निघालीच आहे'. जीप आली 4 वाजून 25 मिनिटांनी, आणि तिच्यात आधीच तीन प्रवासी बसलेले! ड्रायव्हरला मी दोष देणार नाही. त्याने आपल्याच शिक्क्याचा कागद दाखवला. त्यावर वेळ 4.30 आणि पुढे 'शेअरिंग' असं लिहिलं होतं. त्या कागदाचा फोटो सोबत जोडला आहे.

तोवर घाटात जीपांची रांग लागली होती. पॉइंटच्या बऱ्याच खाली आम्हाला उतरवलं. पेनांजाकान 2,770 मीटरवर आहे. तिथल्या चढावर बाबा दर दहा पावलांनी थांबत होते. उजाडलं तेव्हा आम्ही रस्त्याच्या वळणावर, दोन जीपांच्या मधे उभे होतो. वर पोहोचलो आणि समोर नुसता पांढरा ढग. अर्ध्या तासापूर्वी सगळं स्वच्छ होतं, असं शेजारच्या एका जोडप्याने सांगितलं आणि आपल्या फोनमधले फोटो दाखवले: पुढे सुरकुत्या पडलेला बाटोक डोंगर, त्याला लागून वाफा सोडणारा ब्रोमो, मागे जावातलं सर्वांत उंच शिखर सेमेरू. बाबांनी तो परका फोन दोन्ही हातांत धरून पाहिला. बराच वेळ पाहिला.

पुढे ब्रोमोच्या पायथ्याशी वाळूच्या मैदानात गेलो. इतर प्रवाशांना परतायची घाई, म्हणून तिथे फक्त 40 मिनिटं मिळाली. विवराच्या काठापर्यंत सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत. आपल्या गतीने बाबा त्या चढले असते. ते खालीच उभे राहिले, करडी वाळू तळहातावर घेऊन चिमटीत चोळली आणि म्हणाले, "हिची माती व्हायला अजून फार वेळ आहे." एवढाच त्यांचा ज्वालामुखी.

आपल्याकडून ईमेलवर उत्तर आलं की 'हवामानाला कंपनी जबाबदार नाही.' ढगाबद्दल माझी तक्रारच नाही. तीन वाजता निघून ढग आला असता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. स्वतंत्र जीपचे पैसे घेऊन शेअरिंगची जीप पाठवली आणि वेळ दीड तासाने बदलली, तीही आम्हाला न कळवता. हे दोन्ही आपल्या कार्यालयात ठरलं आहे, डोंगरावर नाही.

म्हणून चौथ्या दिवसाचा तिघांचा पूर्ण खर्च परत करावा आणि चूक कुठे झाली ते बाबांच्या नावे लेखी कळवावं. पुढच्या प्रवाशांना देण्याच्या पत्रिकेत जीपची खरी वेळ छापा आणि पायऱ्यांचा उल्लेखही करा. वयस्कर माणसं त्यावर विसंबून पैसे भरतात. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करेन.

आपली,
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत: पावती, कार्यक्रमपत्रिका, ड्रायव्हरजवळच्या कागदाचा फोटो